मागं सरकणारी बाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका टायपिंगसाठी माझ्याच दुकानात आली, आणि माझं डोकं फिरलं ते तिथून.

सारोळ्याला हायवेच्या कडेला, नीरेच्या पुलाच्या अलीकडं माझं दुकान होतं. लग्नपत्रिका, तलाठ्याकडं द्यायचे अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका, झेरॉक्स. टेबलावर दोन संगणक आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला एक लॅपटॉप. त्याचं झाकण उघडलं की मागं पडायचं, म्हणून मी ते भिंतीला टेकवून ठेवायची. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती, भारनियमन जोरात होतं. वीज असेल तेवढ्या वेळात काम उरकायचं आणि वीज गेली की लॅपटॉपवर बसायचं, असं चाललं होतं.

भोरच्या ज्या शाळेत मी शिकले तिचीच स्मरणिका. मुख्याध्यापकांनी हातानं लिहिलेल्या लेखांचा गठ्ठा पाठवला होता. मी आनंदानं बसले टाइप करायला. निम्मा गठ्ठा संपला आणि हातात एक लेख आला. लिहिणारा माझ्याच वर्गातला. आता पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि महोत्सवात त्याचा सत्कार होता. लेखाचं नाव ‘शाळेचा पहिला संगणक आणि माझे कासव’.

‘नववीत असताना मी त्या संगणकावर एक खेळ तयार केला,’ असं त्यानं लिहिलं होतं. ‘पडद्यावर एक कासव चिखलातून चालत असे. गंमत म्हणजे ते उलटे चालत असे. ही चूक मला शेवटपर्यंत सापडली नाही. परंतु तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खेळ त्यानं केलेला नव्हता, मी केला होता. आणि ते कासव नव्हतं. ती माझी आई होती.

मी पासलीची. वेल्ह्याच्या डोंगरातलं गाव, भाताची खाचरं आणि पाऊस, एवढंच. सातवीनंतर मला भोरला मावशीकडं ठेवलं. नव्वदीच्या सुरुवातीला शाळेला कुठल्याशा सरकारी योजनेतून एक संगणक मिळाला होता. परदेशी बनावटीचा, जाडजूड, कीबोर्डातच सगळं पोट असलेला, आणि शेजारी टीव्हीसारखा पडदा. त्याला एक वेगळी खोली दिली, खिडक्यांना पडदे लावले, चपला बाहेर काढायला लावल्या. मुलांनी संगणक शिकायचा आणि मुलींनी ती खोली झाडायची. असा नियम कुणी लिहिला नव्हता, लिहायची गरजच पडली नाही.

झाडता झाडता मी त्याचं इंग्रजी पुस्तक वाचायला लागले. विज्ञानाच्या सरांनी मला पकडलं आणि ओरडायच्या ऐवजी शनिवारी शाळा सुटल्यावर बसायची परवानगी दिली. सर तेव्हा मला देवासारखे वाटायचे, हेही सांगितलं पाहिजे. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी एकेक ओळ शिकले. आणि मग आवणीचा खेळ करायला घेतला.

आवणी म्हणजे भाताची लावणी. पावसासाठी डोक्यावरून पाठीवर पानांचं फुगीर इरलं घ्यायचं, कमरेत वाकायचं, डाव्या हातात रोपांची जुडी. त्यातली दोन-तीन रोपं उजव्या हातानं काढायची, म्हणजे एक चूड झाला. तो अंगठ्यानं चिखलात दाबायचा आणि एक पाऊल मागं. पुन्हा चूड, पुन्हा पाऊल मागं. माझी आई अशी दिवसभर मागं मागं सरकत जायची आणि तिच्या पुढ्यात हिरवी ओळ उभी राहायची. आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून मी तिची चार चित्रं केली: वाकलेली, हात बाहेर काढलेली, चूड दाबणारी, पाऊल मागं टाकलेली. ही चार चित्रं भराभर एकामागून एक आली की आई हलायची. स्पेसबारवर बोट मारलं की एक चूड लागायचा आणि ‘टप’ असा आवाज यायचा. ताल धरून बोट मारलं तरच ओळ सरळ यायची. तालाबाहेर मारलं की चूड वाकडा. सुरुवातीच्या पडद्यावर खेळाचं नाव आणि खाली माझं नाव.

मग पुण्याहून शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं आणि लेख लिहिणाऱ्या त्या मुलाकडं बोट दाखवलं. ‘तो बोलायला चांगला आहे, इंग्रजी बरं आहे, त्याचे वडील शाळा समितीवर आहेत. साहेबांपुढं तो दाखवेल. तू जवळच उभी राहा, काही अडलं तर सांग.’ आणि माझ्यादेखत त्यांनी नावाची ओळ बदलली. माझ्या नावाच्या जागी त्याचं नाव. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी जवळच उभी होते, पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन. साहेब वाकून पडद्याकडं बघत म्हणाले, ‘अरे वा, कासव! छान!’ आणि तो म्हणाला, ‘हो सर.’

त्याला माहीत नव्हतं ते काय आहे, त्यानं कधी विचारलंच नव्हतं. साहेब कासव म्हणाले म्हणून ते कासव झालं. साहेब बेडूक म्हणाले असते तर बेडूक झालं असतं. मी म्हणाले, ‘सर, ते...’ तर सरांनी डोळे वटारले. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो, आणि त्यातला निम्मा माझाच मला येतो.

एक शहाणपणा मात्र मी केला होता. नाव बदलायच्या आधीच्या शनिवारी खेळ कॅसेटवर उतरवून घेतला होता. त्या संगणकाचं सगळं साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरच जमा व्हायचं. मावशीच्या भजनांची कॅसेट मी गुपचूप त्यासाठी वापरली होती. पुढं मावशीनं ती लावली, तर भजनाच्या मधेच किर्रर्र सुरू झालं. ‘ह्यात काय शिरलंय गं?’ म्हणत तिनं ती पत्र्याच्या ट्रंकेत टाकली आणि माझ्या लग्नात इतर कॅसेटींबरोबर मलाच देऊन टाकली. शाळेचा संगणक तोवर बंद पडून भंगारात गेला होता.

लेख वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भोंगवलीला गेले. सर रिटायर होऊन तिथं राहत होते. ओसरीवर बसले होते, केस पांढरे झालेले. त्यांच्या बायकोनं चहा आणला. मी लेख पुढं ठेवला.

सरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘जाऊ दे गं. झालं गेलं गंगेला मिळालं.’

‘गंगेला कुठं मिळालं सर? ते तर स्मरणिकेत छापून येतंय.’

‘आता काय त्याला तोंडघशी पाडायचं? मोठा माणूस झालाय. शाळेला नवे संगणक देतोय.’

‘तुम्ही फक्त खरं काय ते मुख्याध्यापकांना सांगा.’

‘तेव्हा तुझ्या भल्यासाठीच केलं मी. साहेब नाही नाही ते प्रश्न विचारतात, तू गांगरली असतीस.’

माझ्या भल्यासाठी! नाव माझं पुसलं आणि भलंही माझंच झालं. चहा तसाच ठेवून मी उठले. सरांनी मला शिकवलं, ते उपकार मी विसरले नाही. पण त्या दिवसाबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

मग राहिली कॅसेट. ती चालवायला लागणारं यंत्र तर तालुक्यात कुठं उरलं नव्हतं. पण भोरच्या नेट कॅफेत बसून शोधताना मला कळलं की एम्युलेटर नावाचा प्रकार असतो. एम्युलेटर म्हणजे नव्या संगणकानं घेतलेलं जुन्या संगणकाचं सोंग. वरून तुमचा लॅपटॉपच, पण आत तो समजतो की मी ते जुनं यंत्र आहे, आणि जुन्या यंत्रासाठी लिहिलेलं सगळं चालवून दाखवतो. मी तो पेनड्राइव्हवर घेऊन आले.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली आणि ती किरकिर भरून घेतली. कॅसेट पंधरा वर्षं जुनी. पहिल्यांदा अर्ध्यात अडली, दुसऱ्यांदा शेवटाला. आवाज कमी-जास्त केला, टेपच्या हेडचा बारीक स्क्रू पिळला, हायवेवरचा ट्रक पुढं जाईपर्यंत थांबले. तीन दिवस हेच. शेवटी एका दुपारी सगळं नीट भरलं गेलं, पडदा काळा झाला आणि त्यावर खेळाचं नाव आलं. खाली माझं. लग्नाआधीचं, पासलीचं आडनाव असलेलं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि रडले.

रडून झाल्यावर स्पेसबारवर बोट मारलं, आणि आई हललीच नाही. मग एकदम दोन ओळी मागं जाऊन थांबली. पुन्हा अडकली, पुन्हा उडी. ‘टप’च्या जागी कुणी घसा खाकरल्यासारखा आवाज.

धीर नव्हता मला. तशीच लॅपटॉप पिशवीत घालून शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडला. हे मुख्याध्यापक नवे, आमच्या वेळचे नव्हेत. त्यांनी शांतपणे बघितलं.

‘ताई, हे कासवच दिसतंय की.’

‘ती भात लावणारी बाई आहे सर. लॅपटॉप हळू आहे म्हणून नीट दिसत नाही.’

‘असेल, असेल.’

‘आणि हे नाव बघा. माझं आहे.’

ते हसले. ‘तुम्ही टायपिंगवाल्या. नाव काय, तुम्ही आजही टाकाल.’

खोटं कसं म्हणू? सरांनी माझ्यादेखत तेच केलं होतं की. नाव हा पुरावा नव्हता. पुरावा होती ती खेळातली बाई, आणि ती बाई लॅपटॉपवर कासवासारखी घसरत होती. मुख्याध्यापकांनी शेवटी माझी बोळवण केली. ‘प्रदर्शनात एक टेबल देतो. मांडा तुमचं. स्टेजचा कार्यक्रम ठरलाय, तिथं काही बदल नको.’

म्हणजे माझ्यापुढं एकच काम उरलं. महोत्सवाला तीन आठवडे होते, आणि तेवढ्यात त्या मरतुकड्या लॅपटॉपवर तो खेळ लोण्यासारखा चालला पाहिजे होता. तो अडखळला तर मी खोटी आणि माझी आई कासव.

रविवारी मी एसटीनं पासलीला गेले आणि लॅपटॉप आईपुढं ठेवला. तिला सगळं सांगितलं. ‘कासव म्हनला? मला?’ म्हणून ती आधी पोट धरून हसली. मग पडद्याकडं बघत बसली आणि तिचं हसू गेलं.

‘हिचा हात कुठं हाय गं?’

‘कुठला हात?’

‘लावनारा. हात न्हाईच हिला. हात नसल्यावर कासवच म्हननार की मानसं. त्येंचं काय चुकलं?’

मी डोळे ताणून बघितलं. खरंच हात नव्हता. एवढे दिवस मी वेग वेग करत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. एम्युलेटरमध्ये एक सोय असते: लॅपटॉपची दमछाक व्हायला लागली की तो मधली चित्रं गाळतो, म्हणजे खेळ मागं पडल्यासारखा वाटत नाही. ती सोय आपोआप चालू होती. चार चित्रांतली हात बाहेर काढलेली आणि चूड दाबणारी, नेमकी हीच दोन तो गिळत होता. राहत होती पाठीवरचं इरलं आणि मागं सरकणं. शाळेला न गेलेल्या माझ्या आईनं जे एका नजरेत पकडलं, ते मला, दुकानावर ‘कॉम्प्युटर’ अशी पाटी लावून बसलेल्या बाईला, दिसलं नाही.

परत येऊन मी ती गाळायची सोय बंद केली. हात दिसायला लागला, पण आता सगळंच रांगायला लागलं. ‘टप’ लांबून ‘टऽऽप’ झाला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. वेगाचंही येत नाही. तो लॅपटॉपच्या अंगात असावा लागतो, आणि नसेल तर दुसरीकडून वाचवावा लागतो.

मग मी कंजूषपणा सुरू केला. एम्युलेटर चित्राच्या कडा गुळगुळीत करून दाखवायचा, ते बंद केलं. जुन्या टीव्हीसारख्या रेघा पाडायचा, त्या काढल्या. खिडकी पोस्टकार्डाएवढी केली, रंग कमी केले. मागं चालणारा अँटीव्हायरस, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, देवाचा फोटो असलेला वॉलपेपर, सगळ्यांना रजा दिली. एका परदेशी माणसानं नेटवर लिहिलं होतं की जुन्या लॅपटॉपला एम्युलेटरची जुनीच आवृत्ती घालावी, नवीत नखरे फार असतात. पुन्हा भोर, पुन्हा नेट कॅफे. जिथं तिथं एकच सल्ला होता: आवाज बंद करा, खेळ पळेल. तो मी ऐकला नाही. टप नसेल तर ताल कसा धरायचा? बिनआवाजाची आवणी मी तरी बघितलेली नाही. बायका गातात, नाहीतर भांडतात.

एवढं केल्यावर तो पहिल्यांदा नीट चालला. दहा मिनिटं. मग पुन्हा रांगायला लागला. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा दहा मिनिटं. मी लॅपटॉपला इतक्या शिव्या घातल्या की शेजारचा पंक्चरवाला येऊन डोकावून गेला. खालून हात लावला तर तवा तापावा तसा तापलेला. तापला की तो स्वतःला जपायला आपोआप हळू होतो, हे मला माहीत होतं, पण पंखा असताना तापतोय का? कान लावला. पंखा फिरतच नव्हता.

स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांत अडकल्या होत्या अक्षता. चार-पाच तांदूळ, हळदीनं चिकटलेले, वर कुंकू आणि झेंडूची वाळकी पाकळी. दसऱ्याला दुकानातल्या यंत्रांची पूजा मीच केली होती. प्रिंटरला, झेरॉक्सला आणि ह्याला, हळद, कुंकू, अक्षता, फूल. चांगल्या मूठभर वाहिल्या होत्या. त्या बरोब्बर पंख्याच्या जाळीतून आत गेल्या. आता हा राग कुणावर काढायचा? चिमट्यानं एकेक दाणा काढताना मी माझ्याच बापाचा उद्धार केला. पंखा फिरायला लागला आणि खेळ तासभर न अडता चालला.

शेवटचं दुखणं भारनियमनानं दाखवलं. वायर काढून बॅटरीवर घेतला की खेळ निम्म्या वेगानं. लॅपटॉप वीज वाचवायला चाल मंदावतो, आणि तेही एका सेटिंगमध्ये बदलता येतं. बदललं. आता बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं टिकायची, पण त्या चाळीस मिनिटांत आई पोटभर आवणी करायची: वाकली, हात काढला, दाबला, मागं. टप. वाकली, हात काढला, दाबला, मागं. टप.

स्मरणिका मी लिहून आली तशीच टाइप करून दिली. कीबोर्ड माझ्या हातात होता, एक शब्द बदलला असता तर छापून येईपर्यंत कुणाला कळलं नसतं. पण नाव बदलायचा तो धंदा एकदा बघितला होता मी.

महोत्सवाच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव होता आणि वर्गांत प्रदर्शन. मला टेबल मिळालं ते पाण्याच्या पिंपाशेजारी, जिथं लोक खेळ बघायला कमी आणि पाणी प्यायला जास्त येत होते. आई पासलीच्या चार बायकांना घेऊन पहिल्या एसटीनं आली होती. दहा वाजता वीज गेली. मी लॅपटॉप बंद ठेवला आणि मुख्याध्यापक सत्काराच्या त्या पाहुण्याला घेऊन आमच्या वर्गात शिरले तेव्हाच उघडला.

‘अरे, माझं कासव!’ तो लांबूनच ओरडला. खरंच आनंद झाला होता त्याला. माझ्याकडं न बघता त्यानं स्पेसबार दाबला. टप. आई मागं सरकली. ‘बघा सर, अजून उलटंच चालतंय. ही चूक काही मला तेव्हा सापडली नाही.’

पासलीच्या बायका माझ्या मागंच उभ्या होत्या. त्यातली सगळ्यांत म्हातारी पुढं झाली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, ‘आवो सायेब, चूक कसली? ही आवणी करती. आवणी मागं सरकूनच करत्यात. फुडं सरकली तर लावल्यालं तुडवंल न्हवं का?’

बाकीच्या फसकन हसल्या. एकजण म्हणाली, ‘इरल्याला कासव म्हनतंय बघा ते.’ आईनं पडद्यावरच्या हाताकडं बोट दाखवलं.

त्यानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओळखलं त्यानं मला. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता बोलेल. ‘छान, छान,’ एवढं म्हणून तो मुख्याध्यापकांबरोबर निघून गेला. तरीही मला आशा होती. स्टेजवर तरी हा म्हणेल की लेखात चुकून लिहिलं, हे काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे. माझं नाव नाही घेतलं तरी चालेल, एवढ्यापर्यंत मी आले होते.

जेवणाआधी सत्कार झाले. जनरेटर लावून माईक चालू केला होता. पुढच्या रांगेत सर बसले होते, नवा सदरा घालून. त्याला शाल दिली, नारळ दिला, आणि तो बोलायला उभा राहिला.

‘मी नववीत असताना एक खेळ केला होता,’ तो म्हणाला. ‘स्मरणिकेत गमतीनं त्याला कासव म्हटलंय. पण खरं तर ती भात लावणारी आपली वेल्ह्याची कष्टकरी बाई आहे. ती मागं सरकते. का? तर लावलेलं तुडवू नये म्हणून. त्या वयातसुद्धा मी हा विचार केला होता.’

टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या.

अर्ध्या तासापूर्वी म्हातारीच्या तोंडातून निघालेलं वाक्य त्यानं गरमगरम उचललं होतं. पहिल्या वेळी त्याला कुणीतरी पुढं ढकललं होतं, तो पोरगा होता, असं मी स्वतःला कधीतरी समजावलंही असेल. आता तो पोरगा नव्हता आणि त्याला कुणी ढकललंही नव्हतं. मी उठणार एवढ्यात शेजारची खुर्ची वाजली. आई उभी राहिली होती.

तिचा आवाज या खाचरातून पलीकडच्या खाचरात पोचवायच्या सवयीचा. तिला माईक लागत नाही.

‘बाळा, येक इचारू का?’

सगळा मांडव मागं वळला. तो हसून म्हणाला, ‘विचारा ना, मावशी.’

‘तू आवणी कुठल्या खाचरात बगितलीस रं?’

तो हसतच होता. त्यानं मुख्याध्यापकांकडं बघितलं, मुख्याध्यापकांनी आपल्या घड्याळाकडं. ‘म्हंजी कुन्या गावात?’ आईनं पुन्हा विचारलं, अगदी सरळ, लेकराला विचारावं तसं. ‘कुनाची बगितलीस? तुझी आई करती व्हय आवणी?’

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत सर खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसले, आणि तो पट्टा काही केल्या लागेना. त्यानं शाल खांद्यावर सारखी केली.

‘न्हाई बगितली?’

‘नाही,’ तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण माईक तोंडापुढंच होता.

‘मंग बस खाली,’ आई म्हणाली.